एनलिल म्हणजे खरंच 'वाऱ्याचा स्वामी'? सुमेरी देवांच्या नावांचं मूळ

मुक्ता_सांगली | रविवार, सकाळी ९:०५

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या मंडळात पुढच्या महिन्यात 'सुमेरचे देव', म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेर संस्कृतीचे देव, या विषयावर मला पाऊण तास बोलायचं आहे. तयारीला बसले आणि पहिल्याच पानावर अडकले.

आजवर वाचत आले ते असं: 'एन' म्हणजे स्वामी आणि 'लिल' म्हणजे वारा, म्हणून एनलिल हा वाऱ्याचा स्वामी. 'की' म्हणजे पृथ्वी, म्हणून एनकी हा पृथ्वीचा स्वामी. पण एनकी तर गोड्या पाण्याचा देव! एरिदूला त्याचं देऊळ आणि जमिनीखालचं पाणी, ज्याला 'अब्झू' म्हणत, ते त्याचं घर. मग नावात पृथ्वी कुठून आली? त्यात परवा एका लेखात वाचलं की एनलिल हे नाव मुळात सुमेरी नसेलच, शेजारच्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) भाषेतून आलं असेल. सुमेरच्या सगळ्यात मोठ्या देवाचं, निप्पूरच्या एकूर देवळातल्या देवाचं नाव परकं?

नाव उलगडलं की देव उलगडतो असं मला वाटतं, म्हणून हा प्रश्न बाजूला टाकून पुढं जाववत नाही. जाणकारांनी लिहावं, बाकीच्यांनीही लिहावं.

शेवंता | रविवार, सकाळी ९:३१

वाचतेय. मला त्यातली एकच देवी ठाऊक आहे, इनाना, कारण आमच्या मांजरीचं नाव तेच ठेवलंय. हाक मारली की येत नाही, म्हणजे नाव शोभतंय.

रानवारा | रविवार, सकाळी १०:१५

मुक्ताताई, उत्तर आपल्या घरातच आहे. एनलिल म्हणजे अनिल! दोन्हींचा अर्थ वारा. इतकं सरळ साम्य दिसत असताना लोक इकडेतिकडे का शोधतात कळत नाही. नन्ना हा चंद्रदेव आणि त्याचं चिन्ह बैल, आपल्याकडे चंद्रमौळी शंकराचा नंदी. ऊर या शहराचं नावसुद्धा आपलंच वाटतं. माझं ठाम मत आहे की हे सगळं इथून तिकडे गेलं.

सोलापूरकर | रविवार, सकाळी १०:४०

ऊर बद्दल रानवारांना दुजोरा. आमच्या भागात निम्मे लोक कानडी बोलतात आणि कानडीत 'ऊरु' म्हणजे गाव. सुमेरी भाषेतही 'उरु' म्हणजे नगर असं वाचलंय. हा योगायोग कसा म्हणायचा?

कीलक | रविवार, दुपारी १२:५०

मी गेली काही वर्षं हौसेनं कीलाक्षरं, म्हणजे मातीच्या पाट्यांवरची खिळ्याच्या आकाराची जुनी लिपी, शिकतोय. जेवढं पक्कं कळलंय तेवढंच लिहितो.

आधी 'अनिल'. मोह पडावा असंच साम्य आहे. पण संस्कृतात हा शब्द 'अन्' म्हणजे श्वास घेणे या धातूवरून येतो, प्राण शब्दातला तोच 'अन्'. त्याचे भाऊबंद ग्रीक आणि लॅटिनमध्ये आहेत. सुमेरी ही मात्र एकटी भाषा आहे, जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले आणि अर्थही जुळला, तर तो पुरावा नसतो, शोधाची सुरुवात असते. पुढं विचारायचं की त्या शब्दाची जुनी रूपं कोणती, पोटबोलीत तो कसा बोलत, प्रत्यय लागला की त्याचं काय होतं. एनलिलची रूपं बघा: सीरियातल्या एब्ला शहराच्या यादीत 'इलिलू', सुमेरच्या शेजारच्या सेमिटिक अक्कदी भाषेत 'एल्लिल', आणि सुमेरीच्याच एमेसाल नावाच्या पोटबोलीत 'मुल्लिल'. या तिन्हींमधून मागं 'अनिल' पर्यंत जाता येत नाही.

आता प्रत्यय, कारण सगळी गंमत तिथं आहे आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपण 'रामाने आंबा खाल्ला' म्हणतो, कर्त्याला 'ने' लावतो. सुमेरीतही कर्त्याला असा प्रत्यय लागतो, 'ए'. आणि षष्ठीला, म्हणजे आपल्या 'चा-ची-चे' च्या जागी, 'अक' लागतो. शब्द एकटा असला की त्या 'अक' मधला क गळतो, लिहितही नाहीत. पण पुढं 'ए' आला की क पुन्हा दिसतो. आपल्याकडे 'भाऊ' मध्ये व दिसत नाही आणि 'भावाने' म्हटलं की दिसतो, तसं.

आता डोंगराच्या देवीचं नाव घ्या, निनहुरसाग. 'निन' म्हणजे राणी, 'हुरसाग' म्हणजे डोंगररांग. 'निनहुरसागने' म्हणायचं असेल तर पाटीवर येतं 'निनहुरसागाके'. क दिसला, म्हणजे नावात 'ची' आहे: डोंगररांगेची राणी. इनानाचंही तसंच, 'इनानाके' असं रूप येतं. म्हणून बरेच जण तिचं नाव मुळात 'निन-अन-अक', आकाशाची राणी, असं मानतात.

आणि एनलिल? तिथं येतं 'एनलिले'. क नाही! 'वाऱ्याचा स्वामी' असता तर 'एनलिलाके' यायला हवं होतं. म्हणजे 'लिल' चा अर्थ वारा धरला तरी नाव होतं 'स्वामी वारा'. वाऱ्यावर हुकूम चालवणारा कुणी वेगळा नाही, वारा हाच धनी. पुस्तकांत सर्रास छापलेल्या भाषांतरात हा फरक पुसला जातो.

मुक्ता_सांगली | रविवार, दुपारी १:२०

कीलक, दोनदा वाचलं. एका 'चा' ने देव बदलला! आणि एनकीचं काय?

कीलक | रविवार, दुपारी १:४४

एनकीला प्रत्यय लागला की 'एनकिगा' असं रूप दिसतं, म्हणजे शेवटी एक ग लपलेला आहे. पृथ्वी या अर्थाच्या 'की' शब्दात असा ग नाही. म्हणून हा 'की' वेगळाच शब्द, 'किग', असावा आणि त्याचा अर्थ हरवलाय, असा एक पक्ष आहे. तुमच्या मनात आलेली शंका अगदी रास्त होती.

सोलापूरकर, ऊर शहराचं सुमेरी नाव 'उरिम' होतं. 'ऊर' हे आपल्यापर्यंत अक्कदी वळणातून आलंय. नगर या अर्थाचा 'उरु' शब्द वेगळा आणि शहराचं नाव वेगळं.

अनुन्नाकी_९९ | रविवार, दुपारी ३:०२

कुणी अनुन्नाकी देवांबद्दल बोलतच नाही. अनुन्नाकी म्हणजे 'आकाशातून पृथ्वीवर आलेले'. परग्रहावरून आले, सोन्याच्या खाणीसाठी माणूस घडवला. शेकडो व्हिडिओ आहेत यावर, एवढे सगळे खोटं बोलतात का?

अक्षरवेल | रविवार, दुपारी ४:१०

मित्रा, तो अर्थ १९७६ साली निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकातून पसरलाय, पाट्यांतून नाही. सुमेरी शब्द 'अनुन्ना' आहे. 'अ' म्हणजे बीज, संतती आणि 'नुन' म्हणजे राजस, थोर. मिळून थोर कुळातली संतती. त्यात 'आला' हे क्रियापद नाही, 'आकाशातून' नाही. शेवटचा 'की' अक्कदी रूपात चिकटला आणि तोच धरून 'पृथ्वी' चा अर्थ लावला गेला. पाट्यांमधलं जग मुळातच अद्भुत आहे, ते वाच. इनाना सात दारं ओलांडून पाताळात उतरते आणि प्रत्येक दाराशी तिच्या अंगावरचं एकेक लेणं काढून घेतात, हे वाचलंस तर व्हिडिओंची आठवण राहणार नाही.

आता मूळ मुद्दा. कीलक यांचं व्याकरण बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच काढलाय. 'चा' नाही हे दिसल्यावर पुढचा प्रश्न असा की मुळात हे 'एन' आणि 'लिल' असे दोन सुमेरी शब्द आहेत तरी का. मी सेमिटिक बाजूची आहे, कारणं देते.

सेमिटिक भाषांत देवाला 'इल' म्हणतात. हिब्रूतला एल आणि अरबीतला इलाह त्याच घरातले. 'देवांचा देव' म्हणायला 'इल-इली' किंवा नुसती द्विरुक्ती 'इलिल'. सीरियातल्या एब्ला इथं १९७० च्या दशकात इटालियन उत्खननात इसवीसनपूर्व २४व्या शतकाच्या आसपासच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यात सुमेरी शब्द आणि समोर स्थानिक शब्द अशा याद्या आहेत. तिथं एनलिलसमोर लिहिलंय 'इलिलू'. निप्पूर हे सुमेरच्या उत्तर टोकाला, सेमिटिक बोलणाऱ्यांच्या वस्तीला लागून. देवांचा राजा या पदाला 'देवांचा देव' हे नाव चपखल बसतं. वारा कुठं बसतो? पाट्यांमध्ये एनलिल नशीब ठरवतो, राजांना राज्य देतो, पूर पाठवतो. वादळाचा देव वेगळा आहे, इश्कुर.

कीलक | रविवार, सायंकाळी ५:३०

अक्षरवेल, 'इलिलू' वर सगळा भार टाकू नका. एनलिलचा एल्लिल व्हायला परकं मूळ लागत नाही. 'तत्' अधिक 'लीन' म्हणजे 'तल्लीन', शाळेतला संधी. तिथं त चा ल झाला, तसाच पुढं ल आला की न चा ल होणं कुठल्याही तोंडात घडतं. एब्लाच्या लेखनिकानं ऐकलं तसं उतरवलं असेल.

आणि 'मुल्लिल' चं काय करायचं? एमेसाल बोलीत स्वामीला 'उमुन' म्हणतात. त्यांनी 'एन' काढून 'उमुन' घातलं, म्हणजे सुमेरी माणसाला त्या नावातला 'एन' स्वामी म्हणूनच ऐकू येत होता.

अक्षरवेल | रविवार, सायंकाळी ६:०५

ऐकू येत होता, मान्य. पण लोकांना नाव कसं ऐकू येतं ही एक गोष्ट आणि नाव कुठून आलं ही दुसरी. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण देते: विठ्ठल. 'विटेवर उभा म्हणून विठ्ठल' हे आपण अभंग-कीर्तनात ऐकत वाढलो आणि ते मनाला पटतंही. पण अभ्यासक विष्णू या नावाच्या कानडी वळणाकडे बोट दाखवतात. होयसळांचा राजा विष्णुवर्धन याचं आधीचं नाव बिट्टिदेव होतं, यावरून ते वळण दिसतं. वीट आधी की नाव आधी? वीट नावातून निघालेली असू शकते. तसंच परकं 'इलिल' सुमेरी कानांनी 'एन-लिल' असं ऐकलं असेल आणि मग त्यात वारा शिरला असेल.

माणदेशी | रविवार, रात्री ८:४८

मी काही पाट्या वाचणारा नाही, पण एक विचारू का? वर कीलकदादांनी 'लिल' म्हणजे वारा लिहिलंय. नुसता वारा की अजून काही?

कीलक | रविवार, रात्री ९:०१

चांगला प्रश्न. वारा, झुळूक, आणि शिवाय भूत, छाया, दिसत नाही पण जाणवतं असं काहीतरी. अक्कदी भाषांतरातही पिशाच्च या अर्थाचे शब्द येतात.

माणदेशी | रविवार, रात्री ९:३७

मग वाटलं तसंच निघालं. आमच्याकडं यात्रेला बाईच्या अंगात येतं तेव्हा म्हणतात 'वारं आलं'. माझी आजी जत्रेत देवीच्या पालखीपुढं बसायची. हलगी तापायला लागली की आधी तिचं डावं पाऊल हलायचं, मग खांदे, मग अंबाडा सुटायचा आणि सगळे हात जोडून म्हणायचे, वारं आलं, वारं आलं. पोर किरकिरलं तरी 'बाहेरचं वारं लागलं' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. आमच्या बोलीत वारा हा हवेचा आणि 'वारं' हे देवाचं किंवा भुताचं. शब्द एकच.

म्हणून अक्षरवेलताईंना म्हणतो, देवांच्या राजाच्या नावात वारा कुठं बसतो असं विचारलंत, आमच्याकडं तरी तो पहिल्या पाटावर बसतो. वाऱ्याचा देव म्हणजे झाडं हलवणारा असंच कशाला धरायचं?

अक्षरवेल | रविवार, रात्री ९:५८

माणदेशी, हे फार मोलाचं लिहिलंत. माझा सेमिटिक पक्ष यानं पडत नाही, पण 'वारा बसत नाही' हे माझं वाक्य मी मागं घेते.

शेवंता | रविवार, रात्री १०:१२

आजीचं ते डावं पाऊल डोळ्यासमोर आलं.

रानवारा | सोमवार, सकाळी ७:२०

मी काल गप्प बसलो कारण जुने कागद काढत होतो. तुम्ही सगळे मला व्हिडिओवाल्यांच्या पंगतीला बसवू नका. लोकमान्य टिळकांनी यावर लिहिलंय. १९१७ साली रा. गो. भांडारकरांच्या गौरवग्रंथात त्यांचा इंग्रजी लेख आहे, खाल्डी आणि भारतीय वेदांवर. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या तेराव्या सूक्तात, सापाच्या विषावरच्या मंत्रांत, तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला, ताबुव असे शब्द येतात. टिळकांनी तैमात म्हणजे बाबिलोनी सृष्टिकाव्यातली समुद्रदेवी तिआमात दाखवलं, उरुगूला म्हणजे सुमेरी 'उरुगल', पाताळनगरी. ऋग्वेदातल्या इंद्राच्या 'अप्सुजित्' विशेषणातही त्यांना अप्सू, म्हणजे वरचा अब्झू, दिसला. आता बोला.

अक्षरवेल | सोमवार, सकाळी ९:१५

रानवारा, हा संदर्भ आणल्याबद्दल मनापासून आभार. पण एक नीट बघा, टिळकांचं म्हणणं तुमच्या कालच्या म्हणण्याच्या उलट जातं. तैमात, उरुगूला हे शब्द तिकडून इकडे आले असं ते म्हणतात. काही शब्द इकडून तिकडे गेले असंही मांडतात, म्हणजे देवाणघेवाण. 'सगळं इथून गेलं' असं नाही. पाट्या वाचायला लागून जेमतेम साठ-सत्तर वर्षं झाली होती, त्या काळात त्यांनी पुण्यात बसून हा विचार केला, याचं मला फार अप्रूप आहे.

तपशिलात मात्र अडचणी आहेत. 'अप्सु' हे 'अप्' म्हणजे पाणी या शब्दाचं साधं सप्तमीचं अनेकवचन आहे. अप्सुजित्, पाण्यात जिंकणारा. घरात अर्थ लागत असताना बाहेरून शब्द आणायची गरज नाही. तिआमात सुमेरी नव्हेच, ते अक्कदी, समुद्र या अर्थाच्या शब्दावरून. उरुगल हा शब्द सुमेरीत खरोखर आहे, 'मोठं नगर' म्हणजे मेलेल्यांचं नगर. त्यामुळं उरुगूलाचं साम्य मलाही खुणावतं. पण विष उतरवायच्या मंत्रात मुद्दाम अनोळखी आवाजाचे शब्द घालतात, आपल्या गावठी मंत्रांतही घालतात. एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

रानवारा | सोमवार, सकाळी ९:४०

उलट जातं हे मान्य. लेख पुन्हा शेवटपर्यंत वाचतो. पण संबंध होता एवढं तरी म्हणाल की नाही?

कीलक | सोमवार, सकाळी ११:०५

संबंध होताच, तो शब्दांच्या साम्याहून भक्कम आहे. अक्कदचा राजा सारगोन अभिमानानं लिहून ठेवतो की मेलुह्हा, मगन (ओमानकडचा प्रदेश) आणि दिलमुनची (बहरीन) गलबतं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. ऊरच्या राजघराण्यातल्या दफनांत सिंधूकडच्या घडणीचे लाल अकीकाचे मणी निघाले. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात एक छोटी मुद्रा आहे, तिच्या मालकाचं नाव शू-इलिशू आणि हुद्दा 'मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा'. चार हजार वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी दुभाषा ठेवावा लागत होता! त्याच्या तोंडी आपल्याकडचे कुठले देव होते हे कळलं असतं तर हा धागा दोन ओळींत संपला असता. सिंधू लिपी वाचता येत नाही, म्हणून त्या बाजूचं एकही देवनाम आपल्या हातात नाही.

सोलापूरकर | सोमवार, सकाळी ११:३०

बोगझकोईचा तो करार? मित्र, वरुण, इंद्र, नासत्य?

कीलक | सोमवार, सकाळी ११:४२

तो पक्का पुरावा आहे, पण इसवीसनपूर्व १४व्या शतकातला, हित्ती आणि मितन्नी राजांमधला, आजच्या तुर्कस्तानात सापडलेला. तोवर सुमेरी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, ती फक्त पाठशाळेत आणि देवळात शिकवत. दोन गोष्टींत पाच-सहाशे वर्षांचं अंतर आहे.

वसईचा_पोर | सोमवार, दुपारी २:२५

आमच्या चर्चमधल्या अभ्यासवर्गात एकदा फादरांनी सांगितलेलं आठवतं. एनकी आठ वनस्पती खातो आणि आठ अवयवांनी आजारी पडतो. मग निनहुरसाग एकेका अवयवासाठी एकेक देवता जन्माला घालते. बरगडीसाठी निनती. सुमेरीत 'ती' म्हणजे बरगडी आणि 'ती' म्हणजे जगवणं. त्यामुळं तिचं नाव 'बरगडीची बाई' आणि 'जगवणारी बाई' असं दोन्ही. आणि आमच्या शास्त्रात हव्वा बरगडीतून येते, आणि हव्वा या नावाचा अर्थ जीवनाशी जोडलेला. हिब्रूत बरगडी आणि जीवन यांचे शब्द वेगळे आहेत, तिथं तो श्लेष होत नाही. म्हणून काहींना वाटतं की ही गोष्ट मुळात सुमेरी श्लेषातून आली असावी.

अक्षरवेल | सोमवार, दुपारी ३:००

वसईचा_पोर, त्या कथेत सगळीच नावं अशी आहेत. तोंडाला सुमेरीत 'का', म्हणून तोंडासाठी निनकासी, जी मुळात बिअरची देवी! ती या कथेच्या आधीपासून होतीच, कवीनं तिला इथं आणून बसवली. नाव आधी, जन्मकथा नंतर. विटेचा मुद्दा मी म्हणत होते तो हाच.

बाबिलोनी पंडितांनी तर याचं शास्त्र केलं. मर्दुक म्हणजे मुळात 'सूर्याचं वासरू' असं सुमेरी नाव. पण त्यांच्या सृष्टिकाव्याच्या शेवटी त्याला पन्नास नावं देतात आणि प्रत्येक नाव अक्षराअक्षरानं फोडून त्यातून गुण काढतात. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या यास्काची आठवण येते. 'अग्रणीर्भवति' म्हणून अग्नी असं तो सांगतो आणि लगेच दुसऱ्या आचार्यांची वेगळी व्युत्पत्तीही देतो. नावात जितके अर्थ सापडतील तितका देव मोठा, अशी ती दृष्टी होती. आपण 'खरा अर्थ एकच' म्हणून हट्ट धरतो, तो आजचा हट्ट आहे.

मुक्ता_सांगली | सोमवार, सायंकाळी ४:१५

मी पहिल्या पोस्टमध्ये तोच हट्ट धरला होता. पण मग चुकीचं वाचन आणि त्यांनी काढलेला अर्थ यात फरक करायचा की नाही?

कीलक | सोमवार, सायंकाळी ५:२०

करायचाच. जुन्या महाकाव्याचा नायक गिलगमेश, त्याचं उदाहरण बघा. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथनं जलप्रलयाची पाटी वाचली तेव्हा नायकाचं नाव लिहिलेल्या तीन चिन्हांचा उच्चार कुणालाच माहीत नव्हता. तात्पुरता म्हणून 'इझदुबार' वाचला. १८९० मध्ये पिंचेसला एका पाटीत त्याच नावाचा उच्चार लिहिलेला सापडला: गिलगमेश. मधली अठरा वर्षं विद्वान 'इझदुबार' या नावाची मुळं शोधत होते, आणि त्या नावाचा माणूस कधी नव्हताच.

चंद्रदेवाचंही बघा. नन्नाचं दुसरं नाव लिहितात 'एन-झू' आणि वाचतात उलटं, 'झू-एन', म्हणजे सुएन, पुढं सिन. 'अब्झू' सुद्धा 'झू-अब' असं लिहितात. लिहिल्याप्रमाणं वाचून 'एन म्हणजे स्वामी' असा अर्थ काढला तर ती सरळ चूक. पण बाबिलोनी पंडितानं जाणूनबुजून काढलेला अर्थ ही चूक नाही, ती त्याची भक्ती आहे.

बसराकर | सोमवार, रात्री ११:१०

उशिरा आलो, कामाची पाळी होती. मी दक्षिण इराकमध्ये तेलक्षेत्रात कामाला आहे, सात वर्षं झाली. धागा सकाळपासून तुकड्यातुकड्यानं वाचतोय.

नासिरियाजवळ ऊरचा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचा देवळाचा मनोरा, आहे, मी दोनदा गेलोय. बाहेरची भिंत १९८० च्या दशकात नव्यानं बांधलेली, ती लांबून गुळगुळीत दिसते. पण बाजूला जुन्या विटा आहेत आणि दोन विटांमध्ये काळं काहीतरी. बोटानं दाबलं तर उन्हानं किंचित मऊ लागलं. डांबर! चार हजार वर्षांपूर्वी जमिनीतून पाझरलेलं डांबर चुन्याऐवजी वापरलेलं. मी त्याच जमिनीतून तेल काढायची नोकरी करतो, तिथं उभा राहून अंगावर काटा आला. विटांवर राजा उर-नम्मूच्या नावाचे शिक्के आहेत आणि देऊळ नन्नाचं. आमच्याबरोबरचा इराकी ड्रायव्हर वाचता येत नसतानाही त्या शिक्क्यावरून हात फिरवत होता.

आणि नावांचं म्हणाल तर एक नाव अजून चालू आहे. इथं जुलै महिन्याला 'तम्मूज' म्हणतात. माझ्या पगाराच्या कागदावर दरवर्षी छापून येतं. तम्मूज म्हणजे दुमुझी, इनानाचा नवरा, मेंढपाळ, उन्हाळ्यात मरणारा.

वसईचा_पोर | सोमवार, रात्री ११:२५

यहेज्केलच्या पुस्तकात आठव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बायका तम्मूजसाठी रडतात! तोच हा?

अक्षरवेल | सोमवार, रात्री ११:३३

तोच. सुमेरीत 'दुमु' म्हणजे लेकरू, 'झी' म्हणजे खरं, सच्चं. सच्चं लेकरू. या नावावर फारसा वाद नाही.

माणदेशी | मंगळवार, सकाळी ६:५०

पाच हजार वर्षं रडून घेतलं आणि शेवटी पगाराच्या कागदावर आलं लेकरू. बसराकर, तो कागद जपून ठेवा.

व्यवस्थापक_३ | मंगळवार, सकाळी १०:००

मेलुह्हा आणि म्लेच्छ यावरून मध्ये आलेले सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथं सुमेरी नावांपुरतंच बोलावं.

रानवारा | मंगळवार, दुपारी १:१२

टिळकांचा लेख पूर्ण वाचला. त्यांना प्राचीनता दाखवायची होतीच, पण त्यांनी परके शब्द परके म्हणून मान्य केले. मी कालपर्यंत फक्त पहिली दोन पानं वाचून वाद घालत होतो. अनिल सोडून देतो. उरुगूला सोडणार नाही, त्यावर अजून कुणी मला पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

कीलक | मंगळवार, दुपारी १:३०

उरुगूला तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडेही उत्तर नाही.

मुक्ता_सांगली | मंगळवार, सायंकाळी ७:४५

सगळ्यांचे आभार. पहिलं पान पुन्हा लिहिलं. 'एनलिल म्हणजे वाऱ्याचा स्वामी' हे वाक्य खोडलं. आता असं आहे:

'निप्पूरचा एनलिल. सुमेरी माणसाला त्याच्या नावात एक धनी आणि एक वारं ऐकू येत होतं. नावात "चा" नाही, म्हणून वारं त्याच्या ताब्यात नाही, वारं तोच आहे. उत्तरेचे शेजारी त्याला इलिलू म्हणत आणि त्यांना त्यात देवांचा देव ऐकू येत असेल. कुणाचं आधी, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे.'

'वारं' हा शब्द माणदेशींचा, त्यांच्या परवानगीनं घेतला आहे. अक्षरवेल, 'असेल' तुमच्यासाठी ठेवलंय.

अक्षरवेल | मंगळवार, रात्री ८:०२

'असेल' ऐवजी 'असावं' करा. माझी बाजू तेवढी तरी भक्कम आहे.

कीलक | मंगळवार, रात्री ८:०५

'असेल' च राहू द्या.

माणदेशी | मंगळवार, रात्री ८:२०

परवानगी आहेच. सांगलीला कुठल्या तारखेला आहे ते कळवा. आईला घेऊन येतो, आजीचं वारं तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.